हौसेचे मोल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हौसेला मोल नसते, असे आपण लग्नाच्या खरेदीत म्हणतो, पोळ्याला बैलजोडी सजवताना म्हणतो, आणि घरातले एखादे माणूस ऐपतीबाहेरचा खर्च करू लागले की कपाळावर हात मारूनही म्हणतो. पण मोल नसते म्हणजे ते कुणालाच द्यावे लागत नाही, असे नव्हे. कुणीतरी दिलेले असते. खेळाच्या बाबतीत तर ते नक्कीच दिलेले असते. आज मी तुम्हाला काही खेळाडूंच्या गोष्टी सांगणार आहे. हे लोक हिवाळ्यात फुटबॉल खेळत आणि उन्हाळ्यात क्रिकेट. गोष्टी बऱ्याचशा इंग्लंडच्या आहेत, पण त्यातला एकजण आपल्या महू-इंदूरला येऊन होळकरांच्या संघातून खेळून गेला, आणि त्यात नागपूरच्या एका मोठ्या माणसाचाही संबंध आहे.

आधी 'हौशी' हा शब्द पाहू. आपल्याकडे नाटकवाल्यांमुळे तो रुळला. हौशी रंगभूमी आणि व्यावसायिक रंगभूमी. हौशी नट दिवसा कचेरीत, रात्री तालमीला. व्यावसायिक नटाचे पोट नाटकावर. इंग्लंडात क्रिकेटमध्ये हाच भेद होता, पण तिथे तो जातीसारखा पाळला जाई. पैसे न घेता खेळणारा तो 'जंटलमन', पैसे घेऊन खेळणारा तो नुसता 'प्लेअर'. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, अनेक मैदानांवर आत येण्याची फाटकेही वेगळी. एकाच संघातले, एकाच डावात एकमेकांच्या हाकेवर धावणारे दोन फलंदाज वेगवेगळ्या दारांनी मैदानात यायचे. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, आणि पगारी खेळाडूची आडनावानंतर. १९५० च्या सुमारास लॉर्ड्सवर ध्वनिक्षेपकावरून एक दुरुस्ती जाहीर झाली होती. तुमच्या हातातल्या कागदावर 'एफ. जे. टिटमस' असे छापले आहे, ते 'टिटमस, एफ. जे.' असे वाचावे! फ्रेड टिटमस हा मिडलसेक्सचा पगारी गोलंदाज. चुकून त्याला साहेब केले गेले होते, तेवढे हजारो लोकांसमोर दुरुस्त करून घेतले. आपल्याला हसू येते, पण पंगतीत कुणी कुठे बसावे यावरून आपल्याकडे काय काय झाले आहे ते आठवले की हसू जरा आवरते. हा भेद इंग्लंडात १९६२ च्या अखेरीस रद्द ठरला, १९६३ च्या मोसमापासून सगळेच 'क्रिकेटपटू' झाले.

या साहेब-हौशी मंडळींत दोन्ही खेळ खेळणारे पुष्कळ होते. इंग्लंडकडून फुटबॉल आणि क्रिकेट दोन्ही खेळलेला पहिला माणूस आल्फ्रेड लिट्लटन. १८७७ साली तो इंग्लंडच्या फुटबॉल संघात होता, १८८० साली कसोटी संघात. तो यष्टिरक्षक. १८८४ च्या ओव्हल कसोटीत ऑस्ट्रेलियाचा डाव संपता संपेना, तेव्हा यष्ट्यांमागचे पॅड तसेच ठेवून त्याने हाताखालून लॉब टाकले आणि १९ धावांत ४ बळी घेतले. पुढे तो ब्रिटिश मंत्रिमंडळात वसाहतमंत्री झाला. म्हणजे घरचे सगळे उत्तम. खेळ ही त्याची खरोखरच हौस, आणि तिचे मोल त्याच्या घराण्याने आधीच देऊन ठेवलेले.

पण या मंडळींत सर्वांत गाजला तो सी. बी. फ्राय, आणि त्याची गोष्ट इतकी सरळ नाही. १८७२ साली जन्मलेला हा माणूस काय काय करत होता हे सांगू लागलो तर वेळ पुरणार नाही. ऑक्सफर्डला असताना १८९३ साली त्याने लांब उडीत २३ फूट साडेसहा इंचांची उडी मारून तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. १९०१ साली तो इंग्लंडकडून आयर्लंडविरुद्ध फुटबॉल खेळला, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात क्रिकेटमध्ये लागोपाठ सहा शतके काढली. पुढच्या वर्षी साऊदॅम्प्टन या व्यावसायिक क्लबातून, स्वतः हौशी राहून, एफ. ए. कपाची अंतिम लढत खेळला. १९१२ साली इंग्लंडच्या कसोटी संघाचा कप्तान होता. ससेक्समध्ये त्याची जोडी आपल्या रणजींशी. दोघे मिळून समोरच्या गोलंदाजांचा पार चोथा करत. पुढे रणजी नवानगरचे जामसाहेब म्हणून राष्ट्रसंघाच्या बैठकीला जिनिव्हाला गेले तेव्हा फ्राय त्यांच्या मदतीला होता. तिथे आपल्याला आल्बानियाच्या राजगादीबद्दल विचारणा झाली, असे तो स्वतः सांगत असे. खरे किती, त्यात किती मीठमसाला, ते आपण ज्याचे त्याने ठरवावे. त्याच्या आयुष्यातले सगळेच कौतुकाने सांगण्याजोगे आहे असेही नाही. १९३४ साली तो हिटलरला भेटला आणि भारावून परतला.

आता गंमत पाहा. हा एवढा हौशी साहेब जन्मभर पैशाच्या ओढाताणीत होता. ऑक्सफर्डातून बाहेर पडला तो कर्ज डोक्यावर घेऊन. मग शाळेत मास्तरकी केली, वर्तमानपत्रांत लेख लिहिले, १९०४ साली स्वतःच्या नावाचे मासिक काढले. क्रिकेट खेळण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, पण क्रिकेट खेळतो म्हणून मिळालेल्या नावावर लेख विकायला हरकत नाही, असा हिशेब. त्याच्या आधीच्या पिढीतले दाढीवाले डॉक्टर डब्ल्यू. जी. ग्रेस तर हौशीच. १८९५ साली त्यांच्यासाठी लोकांकडून निधी गोळा झाला तो नऊ हजार पौंडांहून अधिक. एवढी रक्कम कुठल्या पगारी खेळाडूने स्वप्नातही पाहिली नसेल. तेव्हा हौशी म्हणजे पैसे न मिळवणारा, ही समजूत काढून टाकलेली बरी. पैसे कुठल्या दाराने येतात, एवढाच प्रश्न होता.

हे सगळे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे इंग्रजांचे पुराण मी आज का लावले, असे तुम्ही म्हणाल. त्याला कारण कौंडण्यपूरला झालेले एक बोलणे.

कौंडण्यपूर आपल्याला रुक्मिणीचे माहेर म्हणून ठाऊक आहे. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठी. आषाढीला इथून पालखी पंढरपूरला जाते. मी क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली ती याच पट्ट्यातल्या शाळांमधून, त्यामुळे निवृत्तीनंतरही या बाजूला गेलो की ओळखीचे कुणी ना कुणी भेटतेच. तसे एक गृहस्थ भेटले. तीन-चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगा आठवीत. त्यांनी बाजूला घेऊन विचारले, "सर, आमचं पोट्टं क्रिकेटबी खेयते अन् कबड्डीबी. शहरातले लोक म्हनतात, एकच धरा. आता तुमीच सांगा, त्याले कोन्त्या एका खेयात टाकू?"

चौकशी केली तेव्हा कळले, की मोठ्या गावातल्या एका क्रिकेट अकादमीने सांगितले होते, मुलगा बारा महिने आला पाहिजे, मधे दुसरा खेळ नको, आणि फी वर्षाची एकदम. "एका एकराच्या कपाशीत जेवढं उरते तेवढी फी हाय," असे ते म्हणाले. त्यावर मी लगेच उत्तर दिले नाही. पण त्यांना जे सांगावेसे वाटले त्याची सुरुवात माझ्या मनात डेनिस कॉम्प्टनपासून झाली.

कॉम्प्टनचा जन्म १९१८ सालचा, लंडनजवळच्या हेन्डनचा. वडील रंगकाम करणारे, पुढे ट्रक चालवणारे. म्हणजे साहेब वर्गातला हा मुलगा नव्हे. पंधराव्या वर्षी तो लॉर्ड्सच्या मैदानावर कामगार-खेळाडू म्हणून लागला. मैदानाची डागडुजी करायची, कार्यक्रमपत्रिका विकायच्या, सभासदांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. पण हे काम उन्हाळ्यापुरते. हिवाळ्यात काय खायचे? हिवाळ्यात तो आर्सेनल या फुटबॉल क्लबाच्या मैदानावर तेच काम करू लागला. त्याचा थोरला भाऊ लेस्ली हाही तसाच, आर्सेनल आणि मिडलसेक्स दोन्हीकडे.

इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लिट्लटन दोन खेळ खेळला कारण त्याला बारा महिने रिकामे होते. कॉम्प्टन दोन खेळ खेळला कारण त्याला बारा महिने मजुरी हवी होती. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. दोघांच्याही नावापुढे क्रिकेट आणि फुटबॉल असे लिहिलेले असते. पण एकाची ती सवड आहे आणि दुसऱ्याचा तो रोजगार.

आणि दोघांनाही ते जमले ते ऋतूंमुळे. इंग्लंडात फुटबॉल ऑगस्टच्या अखेरीला सुरू होई आणि मेच्या सुरुवातीला संपे. क्रिकेट तिथून पुढे सप्टेंबरपर्यंत. एक मोसम संपला की दुसरा उभा, जशी आपल्याकडे खरिपाच्या पाठीवर रबी. आपल्या गावांतही तसेच आहे, फक्त आपल्या ते लक्षात येत नाही. पावसाळ्यात ओल्या, मऊ जमिनीवर कबड्डी रंगते, कारण पडले तरी लागत नाही. आणि क्रिकेट कधी? शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी उपटली, वावर मोकळे झाले की पोरे धुऱ्यावर चपला काढून ठेवतात आणि खेळपट्टी आखतात. पंचांगात लिहिलेले नसले तरी हे वेळापत्रक पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. दोन्ही खेळ खेळणारा मुलगा यात काही जगावेगळे करत नसतो. जमीन मोकळी असेल तो खेळ तो खेळतो.

आता कॉम्प्टन आपल्याकडे कसा आला ते सांगतो. १९३७ साली एकोणिसाव्या वर्षी तो कसोटी खेळला, १९३८ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक काढले, आणि मग महायुद्ध आले. लष्करात शारीरिक शिक्षणाचा प्रशिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली ती महूला. महू म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान, इंदूरपासून अगदी जवळ. आणि इंदूरला तेव्हा होळकरांचा संघ होता.

या संघाचे कप्तान कर्नल सी. के. नायडू. १८९५ साली नागपुरात जन्मलेले, नागपूरच्या मैदानांवर वाढलेले, १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान. १९२३ साली होळकरांनी त्यांना इंदूरला नेले आणि आपल्या फौजेत हुद्दा दिला. हे 'कर्नल' म्हणजे कुठल्या लढाईतली कमाई नव्हे. मुश्ताक अली त्याच फौजेत कॅप्टन. महाराजांच्या पदरी सैन्यात नोकरी, आणि काम म्हणजे क्रिकेट. कागदोपत्री सगळे हौशी. हौसेचे मोल इंदूरच्या खजिन्यातून. मला यात नायडूंचा मोठेपणा कमी करायचा नाही. उलट पन्नाशीला टेकलेल्या या माणसाने संघाला ज्या शिस्तीत वागवले, ती शिस्त विकत मिळत नाही. पण महाराज नसते तर नागपूरच्या या खेळाडूला क्रिकेट खेळत राहणे परवडले असते का, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्या काळच्या होळकर संघात चंदू सरवटे होते, माधवसिंह जगदाळे होते, नागपुरातच जन्मलेले हिरालाल गायकवाड होते. सरवटे तर बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ! १९४६ साली ओव्हलवर शेवटच्या जोडीला शुटे बॅनर्जींबरोबर २४९ धावांची भागी करणारे ते हेच.

तर मार्च १९४५. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाची अंतिम लढत, मुंबई विरुद्ध होळकर. निकाल लागेपर्यंत खेळायचे, असा तेव्हाचा नियम. मुंबईने पहिल्या डावात ४६२ केल्या, होळकरांनी ३६०. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावांचा डोंगर उभा केला. त्यात विजय मर्चंट यांच्या २७८, रूसी मोदींच्या १५१. होळकरांपुढे आता ८६७ धावांचे आव्हान. कुणीही पॅड सोडून घरी गेले असते. मुश्ताक अलींनी पहिल्या डावात १०९ काढल्या होत्या, दुसऱ्यात १३९ काढल्या. आणि पहिल्या डावात अवघ्या २० धावा करून परतलेला कॉम्प्टन दुसऱ्यात एका टोकाला उभा राहिला तो राहिलाच. दुसऱ्या टोकाचे गडी संपले तेव्हा त्याच्या नाबाद २४९ झाल्या होत्या. होळकर ४९२ वर सर्वबाद, ३७४ धावांनी पराभूत. सहा दिवसांत चार डाव मिळून २,०७८ धावा. तो तेव्हाचा विक्रम होता. १९४८-४९ च्या मोसमात मुंबई आणि महाराष्ट्र यांनी पुण्यात तो मोडला, २,३७६ धावा करून.

या डावाची एक कथा कॉम्प्टन पुढे रंगवून सांगत असे. एका धनिक व्यापाऱ्याने निरोप पाठवला होता, की शंभराच्या पुढे काढशील त्या प्रत्येक धावेला मी अमुक इतके रुपये देईन. पगाराच्या सार्जंटाला आणखी काय हवे? खेळ संपल्यावर कॉम्प्टन त्या गृहस्थांना शोधू लागला तर कळले, तातडीच्या कामासाठी ते गावाबाहेर गेले आहेत! मर्चंट या शब्दाचा अर्थही व्यापारीच. एका मर्चंटने २७८ काढल्या, दुसरा मर्चंट पसार. ज्या देशात त्याच्यावर 'पगारी खेळाडू' असा शिक्का होता, तिथे निदान ठरलेला पगार हातात पडत होता. इथे तो हौशी म्हणून खेळला आणि बक्षीस हवेत विरले.

युद्धानंतर हा मुलगा इंग्लंडात परत गेला आणि १९४७ च्या एकाच उन्हाळ्यात त्याने ३,८१६ धावा आणि १८ शतके काढली. शिधापत्रिकेवर जगणाऱ्या, बॉम्बने पडलेली घरे उभी करणाऱ्या लोकांना त्या उन्हाळ्याने हसायला शिकवले, असे तिकडचे जुने लोक लिहून गेले आहेत. त्याच्या पुढच्या मोसमात आर्सेनल लीगचे विजेते झाले, त्या संघातही तो होता. १९५० साली आर्सेनलने एफ. ए. कप जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात दोघे भाऊ मैदानात होते. पण आकडा पाहिला तर चौदा-पंधरा वर्षांच्या फुटबॉल कारकिर्दीत लीगचे सामने त्याच्या वाट्याला आले अवघे ५४. काही वर्षे युद्धाने खाल्ली आणि काही हिवाळे क्रिकेटच्या परदेश दौऱ्यांनी. त्याच्याच हयातीत दोन मोसमांमधले कुंपण मोडायला लागले होते.

इंग्लंडकडून दोन्ही खेळ खेळलेले पुरुष सगळे मिळून बारा. त्यात कॉम्प्टन धरत नाहीत, कारण त्याचे फुटबॉलचे बारा आंतरराष्ट्रीय सामने युद्धकाळातले, अधिकृत न मानलेले. शेवटचा आर्थर मिल्टन. १९५१ साली फुटबॉल, १९५८ साली कसोटीत पदार्पण आणि पदार्पणातच नाबाद १०४. फुटबॉलपटूंच्या पगारावर तिकडे १९६१ पर्यंत कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड. खेळून श्रीमंत होण्याचा तो काळ नव्हता. निवृत्तीनंतर मिल्टन ब्रिस्टलमध्ये पोस्टमन झाला. सायकलवरून टपाल वाटायचे. ते काम सुटल्यावर सायकल आवडते म्हणून वर्तमानपत्रे टाकत राहिला. मला फ्रायच्या आल्बानियाच्या गादीपेक्षा मिल्टनची सायकल जवळची वाटते, हे कबूल करतो.

मिल्टननंतर कुणी का झाले नाही? मुलांच्या अंगातले बळ कमी झाले का? मुळीच नाही. पैसा आला, दूरचित्रवाणी आली, मोसम लांबले. फुटबॉल जवळजवळ वर्षभराचा झाला, क्रिकेट तर बारमाही. दोन्ही वावरांत पीक उभे, मग मोकळी जागा कुठून आणणार?

आपल्या देशात याचे सर्वांत मोठे उदाहरण बंगालचे चुनी गोस्वामी. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले, त्या संघाचे कप्तान. फुटबॉलमधली अख्खी कारकीर्द एकाच मोहन बागानमध्ये. पण डिसेंबर १९६६ मध्ये इंदूरला सोबर्सच्या वेस्ट इंडीज संघाला मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाने डावाने हरवले, तेव्हा चुनीबाबूंनी सामन्यात ८ बळी घेतले होते. हो, तेच होळकरांचे इंदूर. १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध त्यांनी ९६ आणि ८४ काढल्या, आणि १९७१-७२ च्या अंतिम सामन्यात ते बंगालचे कप्तान होते. दोन्ही वेळा करंडक मुंबईकडेच राहिला. कॉम्प्टन ज्या मैदानावर एकटा उभा राहिला त्याच मैदानावर मुंबईकरांनी या फुटबॉल कप्तानाची फलंदाजी पाहिली. तेव्हाचे आपले फुटबॉल कागदोपत्री हौशी. खेळाडू कुठल्या तरी कचेरीत नोकरीला, आणि कचेरी त्याला खेळायला सोडणार. महाराजांच्या जागी बँका, रेल्वे, पोलीस खाते आले, एवढाच फरक. २०२० साली चुनीबाबू गेले.

आणि जिथे पैसा उशिरा पोचला तिथे दोन खेळांची माणसे उशिरापर्यंत टिकली. महिलांचे खेळ पाहा. ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी २००७ साली सोळाव्या वर्षी देशाकडून क्रिकेटही खेळली आणि फुटबॉलही. २०११ च्या फुटबॉल विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनविरुद्ध तिने गोल केला. क्रिकेटचे विश्वचषक तर तिने अनेक जिंकले. पण पुढच्याच वर्षी तिच्या फुटबॉल क्लबाने आधी फुटबॉल, मग क्रिकेट असा आग्रह धरला, तिला क्लब बदलावा लागला, आणि हळूहळू फुटबॉल सुटले. महिला क्रिकेटला चांगले दिवस आले याचा आनंदच आहे. त्याच चांगल्या दिवसांनी तिचा दुसरा खेळ काढून घेतला, हेही त्याबरोबर आलेच.

त्या गृहस्थांना मी काय सांगितले? सांगितले, की दहावीपर्यंत दोन्ही खेळू द्या. क्रिकेटने नजर आणि हात तयार होतात, कबड्डीने पाय, दम आणि धीटपणा. वाढत्या अंगाला हे सगळे लागते. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे गेले आणि कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिके करून आले. त्या परंपरेत एका मुलाने एकच खेळ खेळावा असे कुणी म्हणत नव्हते. मग त्यांनी उमेश यादवचे नाव काढले, आणि ते बरोबरच होते. वडील कोळसा खाणीत कामाला, मुलगा टेनिस बॉलवर वाढलेला, चामडी चेंडू हातात आला तो उशिरा. २००८ साली विदर्भाकडून रणजी, २०११ साली कसोटी. त्याला कुणी आठवीत बारमाही फी भरून बसवले नव्हते.

पण त्यांना हेही सांगितले, की एक प्रश्न मी टाळू शकत नाही. फीपेक्षा तो मोठा आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण, सरकारी नोकरीतले पाच टक्के आरक्षण, पोलीस आणि रेल्वेचे संघ, हे सगळे प्रमाणपत्रावर चालते. दोन खेळांत तालुक्यापर्यंत गेलेल्या मुलापेक्षा एका खेळात राज्यापर्यंत गेलेल्या मुलाच्या हाती जास्त लागते. आजचे महाराज हे असे आहेत. तेव्हा दहावीनंतर निवडावे लागेल, आणि निवडताना खेळ कोणता आवडतो याबरोबर कोणत्या खेळाचे सामने आपल्या एस. टी.च्या पल्ल्यात होतात हेही पाहावे लागेल. गृहस्थ म्हणाले, "म्हंजे दोन वर्स हायेत आपल्यापाशी." मी म्हटले, आहेत.

त्यांनी जाता जाता विचारले, दोन खेळांनी शरीराची मोडतोड होत नाही का? होते. कॉम्प्टनचीच झाली. १९३८ साली फुटबॉल खेळताना चार्लटनच्या गोलरक्षकावर आदळून त्याचा उजवा गुडघा दुखावला. पुढे त्याच गुडघ्याने त्याला जन्मभर छळले, आणि १९५५ साली डॉक्टरांनी गुडघ्याची वाटीच काढून टाकली. पुढच्या उन्हाळ्यात, १९५६ साली, तो ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत परत आला, वाटीशिवायच्या पायावर, आणि पहिल्या डावात ९४ धावा काढल्या. काढलेली वाटी कुणीतरी जपून ठेवली होती. ती पुढे लॉर्ड्सच्या क्रिकेट संग्रहात गेली. पंधराव्या वर्षी ज्या मैदानावर तो कामाला लागला होता, त्याच मैदानाच्या आवारात.